दुपारच्या गाडीची साखळी

मित्रांनो, आत यायचं असेल तर दार जरा जोर लावून सरकवा. पहिल्या धक्क्याला ते हलत नाही, दुसऱ्याला कुरकुरतं आणि मग मुकाट्यानं बाजूला होतं. वयाचा दोष, दुसरं काय. मी रेल्वेचा जुना डबा आहे. माझी चाकं लाकडी ठोकळ्यांत अडकवून मला या उपनगराच्या स्टेशनाशेजारी उभं केलंय. तुम्ही माझ्या बाकांवर उड्या मारता, खिडकीच्या काचेवर नाक दाबता, ते मला आवडतं. पण तुमच्यापैकी कुणी त्या काचेवर हाताच्या मुठी आपटल्या की माझ्या पत्र्यातून आजही एक शहारा जातो. त्याची गोष्ट सांगतो. बसा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. इंजिन माझ्याच पोटात बसवलं होतं, म्हणून वेळ पडली तर मी एकटाही धावू शकत असे. निळी बाकं आली, काचा आल्या, दिवे आले. सगळ्यात शेवटी एका कारागिरानं दाराजवळ लाल मुठीची साखळी लावली, ओढून बघितली आणि हात पुसत सोबत्याला म्हणाला, "कुणाला कधी ओढायची वेळ न येवो."

"मग लावतोस कशाला?" सोबत्यानं विचारलं.

"आलीच तर?" तो म्हणाला, आणि जेवायला निघून गेला.

मला नोकरी लागली ती याच मार्गावर. सकाळी उपनगरातली माणसं शहरात न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. माझ्यासारखेच आणखी डबे मागे जोडलेले असत. ते दिवस भरभराटीचे होते. माझे पितळी दांडे रोज पुसले जायचे. "नवी गाडी बघ कशी लोण्यासारखी चालते," असं म्हातारी माणसं म्हणायची आणि मी आणखी हळुवार चालायचो.

पण मित्रांनो, सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामध्ये एक भलीमोठी दुपार असते. ती दुपार मी शहराच्या यार्डात नुसता उभा राहून काढायचो. दुपारी गाडी सोडायची तर चालक हवा, गार्ड हवा, इंधन हवं. त्यासाठी सरकारनं पैसे द्यायला हवेत, आणि ते सरकार देत नव्हतं. शहरात नोकरी करणारा माणूस सकाळी जातो नि संध्याकाळी येतो, असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलं होतं.

यार्डाच्या कुंपणापलीकडे एका मोठ्या हॉस्पिटलची लाँड्री होती. तिथं एक तरुण बाई चादरींना इस्त्री करायची. पहाटेच्या गाडीनं यायची, कारण वॉर्डांना चादरी सकाळीच लागतात. तिचं काम दुपारी संपायचं. पण घरी न्यायला गाडी कुठे होती? मग ती लाँड्रीमागच्या बाकावर येऊन बसायची. तिचे हात इस्त्रीच्या वाफेनं लालसर झालेले असत. कधी ती लहान मोज्याचं भोक शिवायची, कधी डोळे मिटून बसायची. आणि समोर मी. तीही मोकळी, मीही मोकळा, मध्ये तारेचं एक कुंपण. माझ्या पोटात इंजिन, माझ्यात इतकी बाकं, आणि ती घरी जाण्यासाठी संध्याकाळची वाट बघतेय. मला तिच्याकडे बघवायचं नाही. पण डब्याला तोंड फिरवता येत नाही.

घरी तिची लेक होती. सगळे तिला गोटी म्हणायचे, कारण ती गोल होती आणि एका जागी ठरायची नाही. तिची शाळा दुपारी सुटायची, आणि तिला शाळेतून आणायचं काम शेजारच्या मावशी करायच्या. मावशींची मुलं मोठी होऊन दूर गेली होती. मावशी प्रेमळ होत्या, पण बोलायला फटकळ. संध्याकाळी त्या गोटीला स्टेशनावर घेऊन यायच्या आणि आई उतरली की म्हणायच्या, "घे बाई तुझा माल. दोनदा पडली, एकदा रडली, आणि माझ्या भरतकामाचा दोरा सगळा तिच्या बाहुलीच्या अंगावर आहे."

एके संध्याकाळी गोटी धावत आली ती थेट मावशींकडेच वळून म्हणाली, "आई, बघ, गाडी आली." तिनं मावशींना आई म्हटलं होतं. मावशी पटकन म्हणाल्या, "अगं, मी मावशी. आई ती बघ." सगळे हसले. आईही हसली. पण उतरताना तिनं माझा दांडा असा घट्ट धरला होता, की त्या हाताची ऊब मला रात्रभर जाणवत राहिली.

आणि मग बातमी आली. उपनगरांना दिवसभर गाड्या द्यायच्या का, याचा सरकार विचार करत होतं. पैसे एकदम द्यायचे नाहीत. आधी काही महिने दुपारची एक फेरी चालवून बघायची. माणसं बसली तर पुढे कायमचा पैसा, नाही तर फेरी बंद. त्या फेरीसाठी एकटा मी निवडला गेलो. मला इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी इंजिन चालू होताना मी चक्क दोनदा खोकलो.

पहिल्याच दुपारी ती बाई धावत आली. धापा टाकत आत चढली, दाराजवळच्या बाकावर बसली आणि कुणाला तरी सांगावं तशी खिडकीला म्हणाली, "आज मी नेणार तिला शाळेतून."

पण बाकीची बाकं? ती रिकामीच. वर्षानुवर्षं दुपारी गाडीच नव्हती, तर दुपारी घरी जायची सवय कुणाला असणार? एकदा तर तिच्याखेरीज एकच आजोबा होते, आणि तेही चुकून चढलेले. उभा होतो तेव्हा मला लाज वाटायची की मी उभा आहे. आता धावत होतो, तर लाज वाटायची की एवढं इंधन जाळून मी वारा वाहून नेतोय.

दुपारच्या फेरीच्या गार्डला सगळे गार्डकाका म्हणत. तो शिट्टी फुंकून माझी दारं लावायचा. त्याची एक पद्धत होती. लाँड्रीत कधी चादरी जास्त आल्या की बाईला उशीर व्हायचा. मग निघायच्या वेळेला गार्डकाकाच्या बुटाची नाडी हमखास सुटायची. तो खाली वाकून ती सावकाश बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. तेवढ्यात फाटकातून ती धावत यायची. कुणी काही बोलत नसे. चालक आपल्या खिडकीतून एवढंच विचारायचा, "झाली का बांधून?"

"झाली. चल," गार्डकाका म्हणायचा.

महिने सरत आले, तेव्हा उपनगरात कळलं की सरकारकडून एक बाई दुपारच्या गाडीनं प्रवास करून तपासणी करणार आहेत. कुठल्या दिवशी, तेही कळलं. प्रवासी संघाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांनी स्टेशनावरच सभा घेतली. मी फलाटाला लागलेलाच होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"गाडी रिकामी दिसली की संपलं," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांनी सकाळच्या गाडीनं शहरात जायचं आणि दुपारच्या गाडीत बसून परत यायचं. बाईंनी विचारलं, कशाला गेला होतात, तर कारण तयार हवं."

"मी काय सांगू?" न्हाव्यानं विचारलं.

"डोळे तपासायला गेलो होतो म्हणा."

"आणि मी?" शिंप्यानं विचारलं. गुरुजींना घाई होती. "तुम्हीही तेच सांगा," ते म्हणाले.

मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी गोटीलाही आणते. तेवढंच एक डोकं जास्त. आणि तिच्या आईला गंमत. बिचारी दारातून आत येईल तर समोर लेक." गोटीनं टाळ्या वाजवल्या आणि गुपित सांगणार नाही म्हणून सगळ्यांच्या गळ्याची शपथ घेतली, स्टेशनातल्या कुत्र्याच्यासुद्धा.

मित्रांनो, त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. तो दिवस आठवला की हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो.

त्या दुपारी मी असा भरलो, जसा कधी भरलो नव्हतो. तपासणीच्या बाई आल्या, साध्या, उंच, चष्मा लावलेल्या. त्यांना मधल्या बाकावर जागा दिली. दाराजवळ खिडकीशी गोटी, तिच्याशेजारी मावशी, आणि मावशींशेजारी आईसाठी धरून ठेवलेली जागा. त्यावर मावशींची पिशवी.

गुरुजी वाकून कुजबुजले, "मावशी, रिकामी जागा दिसता कामा नये."

"अहो, ती येईल ना आत्ता."

"आली की न्हावी उठतील. बसा हो तुम्ही." न्हावी बसला. पिशवी मावशींच्या मांडीवर आली. मग दोन बाकांमधल्या मोकळ्या जागेतही माणसं उभी राहिली, आणि दारापर्यंत माणसंच माणसं झाली.

निघायची वेळ झाली. गार्डकाकानं आत बघितलं. इतकी डोकी होती की कोण आलंय नि कोण नाही, ते दिसेना. आली असेल, असं त्याला वाटलं. शिवाय सरकारी बाई घड्याळाकडे बघत होत्या. त्या दिवशी त्याच्या बुटाची नाडी सुटली नाही. त्यानं शिट्टी फुंकली. माझं दार लागलं.

आणि फाटकातून ती आली. अंगात लाँड्रीचा अंगरखा तसाच. धावता धावता तिनं माझ्या भरलेल्या खिडक्या बघितल्या, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी ते बघितलं. मग तिला काचेत गोटी दिसली. हसू तिथंच राहिलं आणि पाय आणखी जोरात पळू लागले.

"आई राहिली," गोटी म्हणाली. मग ओरडली, "मावशी, आई राहिली!" आणि तिनं काचेवर मुठी आपटायला सुरुवात केली.

मावशी उठल्या. त्यांचा हात वर गेला आणि साखळीच्या लाल मुठीवर बसला. मित्रांनो, ती साखळी माझी आहे. त्या बोटांचा भार मला माझ्या छतापर्यंत कळला. ओढा, मी मनात म्हणत होतो, ओढा. मावशींनी एकदा मागे वळून सरकारी बाईंकडे बघितलं. गुरुजी डोळ्यांनीच नको नको म्हणत होते. आणि तो हात हळूच खाली आला. त्यांनी गोटीला जवळ ओढून तिचं तोंड आपल्या पदरात घेतलं.

एरवी नको तेव्हा खोकणारं माझं इंजिन त्या दिवशी कसं सुरेख चाललं. मला थांबता आलं नाही. फलाटाच्या टोकाशी ती उभी राहिलेली दिसली आणि मग दिसेनाशी झाली.

तपासणीच्या बाईंनी विचारपूस सुरू केली. शिंपी म्हणाला, "डोळे तपासायला गेलो होतो." त्याच्यामागचा म्हणाला, "डोळे." पाववाला म्हणाला, "मीही डोळेच." न्हाव्यानं लोकांची तोंडं बघितली, त्याला वाटलं आता डोळे पुरेत, म्हणून तो म्हणाला, "मी केस कापायला गेलो होतो."

"तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

न्हावी खालच्या मानेनं म्हणाला, "केस कापतो."

कुणीतरी खुदकन हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही. कारण बाई आता गोटीसमोर आल्या होत्या. गोटी हुंदके देत होती. बाई वाकून म्हणाल्या, "तू कुठे गेली होतीस, बाळ?"

"कुठेच नाही," गोटी म्हणाली. "आम्ही गाडी भरायला आलो. माझी आई रोज येते या गाडीनं. आज ती राहिली. मावशींनी तिची जागा धरली होती, पण तिथं हे बसले."

न्हावी उभा राहिला. आता उभं राहून काय उपयोग होता? ती जागा मग घरापर्यंत तशीच रिकामी राहिली. उभ्या असलेल्यांपैकी कुणी तिच्यावर बसलं नाही. बाईंनी कागद मिटून पिशवीत ठेवले आणि उतरताना गुरुजींना एवढंच म्हणाल्या, "आजचा दिवस मी धरणार नाही." गुरुजी मान खाली घालून उभे होते, वर्गातल्या मुलासारखे.

शहरात रिकामा परत जाऊन मी नेहमीप्रमाणे संध्याकाळच्या गाडीला जोडला गेलो. ती माझ्यातच बसली होती. स्टेशनावर मावशी गोटीला घेऊन उभ्या होत्या. गोटी आईच्या गळ्यात पडली ती सुटेना. मावशी आज माल वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

"साखळीला हात लावला होता मी," त्या म्हणाल्या. "ओढली नाही."

आईनं विचारलं, "का?"

"ती बाई समोर बसलेली. मला वाटलं, आज गाडी अडली तर उद्यापासून धावायचीच नाही. तुझ्यासाठीच गं."

"माझ्यासाठी, आणि मलाच ठेवून गेलात."

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "बोल मला. काय बोलायचं ते बोल. पोर घरी येईपर्यंत रडत होती. मी तिला इतकं सांभाळलं, पण आज तिनं माझ्याकडे बघितलं नाही."

आई गोटीला कडेवर घेऊन बाकावर बसली. "काय बोलू, मावशी? गाडी भरलेली दिसली तेव्हा मला आधी आनंद झाला. म्हटलं, आता पैसे मिळणार. ही दिसली ती नंतर." तिनं गोटीचे केस मागे सारले. "मी आत असते आणि बाहेर दुसरी कुणी असती, तर मी ओढली असती का, ते मलाही सांगता येत नाही."

मावशी तिच्याशेजारी बसल्या. गोटीनं आईच्या खांद्यावरून एक डोळा उघडून मावशींकडे बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "माझी बाहुली कुठाय?"

"पिशवीत आहे," मावशी म्हणाल्या, आणि नाक पुसत पिशवी उघडू लागल्या.

सगळ्यांनी पैशाची आशा सोडली होती. पण मग एका साध्यासुध्या दुपारी, कुणालाही न सांगता, तपासणीच्या बाई पुन्हा आल्या आणि माझ्या कोपऱ्यात बसल्या. आत माणसं थोडीच होती. रात्रपाळी करून जरा झोप काढून घरी निघालेला पहारेकरी होता. गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेले एक गृहस्थ होते. ते "डोळे दाखवायला गेलो होतो" असं म्हणाले तेव्हा तपासणीच्या बाईंनी त्यांच्याकडे इतका वेळ रोखून बघितलं, की त्यांनी पट्टी उचलून दाखवली.

निघायची वेळ झाली. लाँड्रीतली बाई अजून आली नव्हती. गार्डकाकानं तपासणीच्या बाईंना ओळखलं. त्याची शिट्टी तोंडापर्यंत गेली. मग त्यानं ती खाली घेतली, वाकला, आणि बुटाची नाडी सोडली.

"नाडी तर नीट बांधलेली होती," बाई म्हणाल्या.

"हो, बाई," गार्डकाका वाकलेलाच राहून म्हणाला. "एक प्रवासी यायचाय."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर. फाटकातून ती धावत आली, चढली, दाराजवळ बसली. बाईंनी तिला विचारलं, "रोज असंच धावता?"

"पूर्वी धावायला काही नव्हतंच," ती म्हणाली. "बसायचे संध्याकाळपर्यंत. आता लेकीला शाळेतून मी आणते. ती मला दारातच सांगायला लागते, आज काय झालं ते. संध्याकाळपर्यंत ती सगळं विसरून जायची."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. काय, ते मला माहीत नाही. पण पुढे पैसा मंजूर झाला, हे खरं आहे. दुसरा रूळ पडला. सकाळपासून रात्रीपर्यंत गाड्या सुरू झाल्या, आणि हळूहळू दुपारी माणसंही दिसू लागली. आधी गाडी आली, मग सवय आली.

नव्या गाड्यांबरोबर नवे डबे आले. त्यांची दारं आपोआप उघडतात. मला यार्डात नेऊन ठेवलं, त्याच कुंपणाशी. माझ्यावर गंज चढला. माझ्या बाकांवर धूळ बसली. पण मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण समोरचा बाक दुपारी रिकामा असायचा.

मोडीत जायचा होतो मी. मावशींनी जाऊ दिलं नाही. त्या गुरुजींच्या इतक्या मागे लागल्या की ते म्हणाले, "मावशी, रेल्वेला तुमच्यापेक्षा इंजिन ओढणं सोपं जाईल." न्हाव्यानं माझी बाकं धुतली, शिंप्यानं पडदे शिवले, आणि मी झालो तुमची खोली. शाळा सुटल्यावर आईबाबांची गाडी येईपर्यंत तुम्ही इथं बसता. मावशी तुम्हाला खाऊ देतात, रागावतात, आणि दोरा तुमच्या बाहुल्यांना देतात.

तुम्ही बघितलं असेल, नवीन मूल आलं की मावशी आधी त्याला उचलून साखळीपाशी नेतात. "ओढ," त्या म्हणतात. मूल घाबरतं, साखळीखालच्या दंडाच्या पाटीकडे बघतं. "ओढ की. पूर्ण ओढ." मूल ओढतं. खळ्ळ असा आवाज होतो, बाकी काहीच होत नाही. माझं इंजिन कधीच काढून नेलंय. तरी त्या प्रत्येकाला ओढायला लावतात, आणि प्रत्येक वेळी मला वाटतं की मी थांबलो.

गोटी आता उंच झाली आहे. कधीतरी ती इथं येते, तुमचे जोडे लावून ठेवते. त्या दिवसाबद्दल ती मावशींना विचारत नाही आणि मावशी सांगत नाहीत. पण निघताना ती एकदा ती लाल मूठ हातानं पुसते.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कशासाठी तरी एकत्र याल, काहीतरी चांगलं घडवायला निघाल. तुमची गाडी भरलेली असेल आणि वेळेवर सुटलेली असेल. तेव्हा एकदा खिडकीबाहेर बघा. जिच्यासाठी निघालात, ती फलाटावर राहिलेली दिसली, तर हात वर जाईल तुमचा. तो मागे घेऊ नका.

चला, संध्याकाळची गाडी आली. दार जोरानं ओढा. आणि कुणी मागे राहिलं नाही ना, ते बघून मग लावा.